सरकारी कापूस

महिन्यातला एक शनिवार-रविवार आम्ही हवाई दलाचे असायचो. एरवी मी गावच्या हायस्कुलात नववीला जीवशास्त्र शिकवायचे, माझी भावजय कोलेट हॉस्पिटलात नर्स होती आणि विमानाचा मेकॅनिक टकर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्या शनिवारी मात्र गणवेश चढवून तळावर जमायचं, कागदी कपातली पाणचट कॉफी प्यायची आणि जखमी सैनिकांना विमानातून कसं न्यायचं याचा सराव करायचा. दूरच्या जंगलांतलं ते युद्ध संपून काही वर्षं झाली होती. जखमी कुणी उरले नव्हते, म्हणून आमच्यापैकीच काहींना जखमी व्हावं लागे.

त्याचा तुकडीत एक अलिखित नियम होता. जो सगळ्यात उशिरा येईल तो रुग्ण. त्याला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधायचं, ‘पोटात गोळी’ किंवा ‘छाती भाजलेली’ अशी चिठ्ठी गळ्यात अडकवायची आणि विमान उतरेपर्यंत उठू द्यायचं नाही. नाक खाजवायचं असलं तरी दुसऱ्याला सांगावं लागे. त्यामुळे आमच्याकडे उशीर सहसा कुणी करत नसे.

फेब्रुवारीत कोलेटने केला.

“या, लेफ्टनंटबाई,” टकर म्हणाला. “काय लागलंय आज? डोक्याला मार की प्रेमात अपयश?”

“झोप लागलीये. बांध लवकर,” ती म्हणाली.

तिचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. तिच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखलमिश्रित बर्फ लागलेलं मी पाहिलं. म्हणजे ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ओकायला गुडघ्यांवर बसली होती. कोलेटचा गर्भ याआधी दोन वेळा पडला होता. दोन्ही वेळा तिने आनंदाच्या भरात साऱ्या खोऱ्याला बातमी दिली होती, आणि मग ज्याला-त्याला गाठून ती परत घ्यावी लागली होती. चर्चच्या पायऱ्यांवर, किराणा दुकानात, तळावर. दुसऱ्या वेळी ती मला म्हणाली होती, “पुढच्या वेळी पोट दिसेपर्यंत एडीलासुद्धा सांगणार नाही.” एडी म्हणजे माझा भाऊ.

आमचं विमान जुनं मालवाहू होतं. पोट मोठं, मागे उतरतं दार. तुकडीत सगळे त्याला ‘आंबट म्हातारी’ म्हणत, ते त्याच्या वासामुळे. नासलेल्या सफरचंदांच्या पिंपात रॉकेल सांडावं तसा वास होता तो. थंडीत दबलेला असायचा. आत हीटर लागला की भिंतींमधून सुटायचा आणि जिभेच्या मुळाशी जाऊन बसायचा. घरी गेल्यावर केस धुतले तरी उशीला लागायचा.

“टकर, हिला शेवटची आंघोळ कधी घातलीस?” मी विचारलं.

“युद्धावरून आली तेव्हाच धुऊन, रंगवून आलीये, सार्जंट. तशी हमी आहे वरून.” विमानाच्या फरशीवर फतकल मारून तो सँडविच खात होता. “तिकडे ही जंगलं फवारायची. झाडं मारायची, माणसं नाही. माझ्याकडे बघ. इतकी वर्षं हिच्या पोटात बसून जेवतोय. झालंय काही?”

त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, काळ्या तोंडाच्या पुळ्यांची एक रांग होती. माझं लक्ष गेलेलं पाहून त्याने कॉलर वर ओढली. तो बसला होता तिथे फरशीचा एक मोठा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा फिकट होता. कधीकाळी तिथे फवाऱ्याच्या औषधाची टाकी बसवलेली होती. बोल्टांची भोकं बुजवून टाकलेली, पण त्यांच्या कडांना नेहमी एक तेलकट ओल असे. पुसली की दुसऱ्या महिन्यात परत यायची.

कोलेटला आम्ही सगळ्यात खालच्या स्ट्रेचरवर बांधलं. त्या चौकोनाच्या अगदी वर.

उड्डाण नेहमीसारखं होतं. खाली गोठलेली नदी आणि तंबाखूची उघडी शेतं. हीटर तापला, वास सुटला, आमच्यातल्या दोघांची डोकी दुखायला लागली, तेही नेहमीसारखंच. मी कोलेटची नाडी मोजायला गुडघ्यावर बसले. इंजिनांच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिचे डोळे मिटलेले होते.

“पाऊस पडतोय का गं?” तिने विचारलं.

मी नाही म्हणणार होते. मग मलाही ऐकू आलं.

इंजिनांच्या खालून, वेगळ्याच पातळीवरून येणारा आवाज होता तो. टप, टप-टप, टप. पावसाचा नव्हता. पाऊस एकसारखा पडतो. हे मध्येच थांबत होतं, मग एखादा जाड, ओला आवाज. मला कळायला थोडा वेळ लागला, कारण तो ऋतू नव्हता. ती पानं गळत होती. मोठी, जड पानं, एकावर एक. मी वर पाहिलं. वर फक्त वायरी होत्या आणि ॲल्युमिनियम.

उतरल्यावर मी पट्ट्या सोडल्या, घोंगडी उचलली, तेव्हा तिच्या पोटावर एक पान होतं.

ताजं, हिरवंगार, माझ्या तळव्याएवढं. मैदानाच्या कडेचे मेपल वृक्ष तेव्हा काड्यांसारखे उघडे उभे होते आणि गुडघाभर बर्फ होतं. पानाला टोकाशी लांब, निमुळती चोच होती. जिथे रोज पाऊस पडतो तिथल्या झाडांच्या पानांना अशी चोच असते, पाणी निथळून जावं म्हणून. आमच्या खोऱ्यात असं पान नाही. त्याच्या कडा आत वळलेल्या होत्या, ओंजळ केल्यासारख्या.

“कुणाच्या तरी बायकोच्या कुंडीतलं असणार,” टकर म्हणाला.

मी ते टिपकागदात घालून वहीत ठेवलं. सोमवारी शाळेत वही उघडली तेव्हा पान नव्हतं. दोन्ही कागदांवर पानाच्या आकाराचा तेलकट डाग होता.

*

जंगलांवर फवारायचं हे औषध कसं काम करतं ते मला माहीत होतं. मला वाटतं, म्हणूनच मी इतरांआधी घाबरले. लोक समजतात की ते झाडाला जाळतं. तसं नाही. झाडाच्या अंगात वाढीचं एक संप्रेरक असतं. रोपटं उजेडाकडे वळतं ते त्याच्यामुळेच. सावलीच्या बाजूला ते जास्त साठतं, ती बाजू जास्त वाढते आणि देठ उजेडाकडे झुकतो. दरवर्षी वसंतात मी नववीच्या मुलांना हा प्रयोग करून दाखवते. हे औषध त्या संप्रेरकाची नक्कल आहे. ते झाडाला फक्त एकच गोष्ट सांगतं: वाढ. आणि थांबू देत नाही. खोड पिळवटतं, पानं वळतात, सालं फुटतात, झाड वाढत-वाढत मरतं.

मार्चच्या सरावानंतर मी कोलेटला गाडीशी गाठलं.

“किती झाले?”

“काय किती?” ती म्हणाली, आणि मग दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिली. “तिसरा लागलाय. लुद्का, तोंडातून अवाक्षर काढलंस तर बघ.”

“त्या विमानात जाऊ नकोस.”

“न जाण्याचं कारण काय सांगू? सांगितलं की साहेब विचारणार, साहेबांना कळलं की त्यांच्या बायकोला, आणि तिला कळलं म्हणजे संपलंच. आणखी एक महिना. मग पोट दिसेल, तेव्हा दिसू दे सगळ्यांना.”

“तिथे काहीतरी आहे.”

“वास आहे. मला तर तुझ्या आईच्या कोबीचाही वास सहन होत नाही. कोबीवर बंदी घालतेस?” ती हसली. मागच्या सीटवर कापसाचे दोन मोठे गठ्ठे होते, पिवळट पडलेले. “ते आईंसाठी. विमानातल्या प्रथमोपचाराच्या पेटीतले, जुने म्हणून टाकून देणार होते. दरवर्षी म्हणतात ना, तुमच्याकडे सरकारी कापूस फुकट जातो आणि मी दुकानातून आणते.”

मी तेव्हा कापसाकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात ती आणि स्ट्रेचर एवढंच होतं.

आमच्या पोलिश घरांमध्ये ईस्टरच्या आधी बशीत ओला कापूस पसरून त्यावर अळीव पेरतात. आठवड्याभरात हिरवं कुरण तयार होतं. त्याच्या मधोमध लोण्याचं कोकरू बसवायचं, काळ्या मिऱ्यांचे डोळे लावायचे, शनिवारी अंडी, पाव आणि सॉसेज यांच्याबरोबर टोपलीत घालून चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी वाटून खायचं. कोकरू चांगलं दोन दिवस त्या हिरवळीवर बसलेलं असतं. त्या वर्षी आईने अळीव कोलेटने आणलेल्या कापसावर पेरला. मी शाळेत त्याच पुडीतले दाणे औषधांच्या दुकानातल्या कापसावर पेरले, मुलांना दाखवायला.

शाळेतला अळीव शहाण्यासारखा खिडकीकडे झुकला.

आईचा पहिल्यांदा मी गुड फ्रायडेला पाहिला. शाळेतल्यापेक्षा दुप्पट उंच होता, गर्द हिरवा, देठ दोऱ्यासारखे पिळलेले. बशी खिडकीत होती. पण सगळी रोपं खिडकीकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे वाकली होती, टेबलाच्या एका खुर्चीकडे. मी बशी फिरवून ठेवली आणि काल इथे कोण बसलं होतं ते विचारलं.

“कोलेट. अंडी रंगवायला आली होती. अगं, हात नको लावूस, मोडतील! यंदा किती जोमाने आलाय बघ. दुकानातल्या कापसात दम नसतो.”

शनिवारी संध्याकाळी मी परत गेले. रोपांनी पुन्हा त्याच खुर्चीकडे मान फिरवली होती. खुर्ची रिकामी होती.

*

ईस्टरच्या सकाळी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर आम्ही सगळे आईकडे जमलो. बीटाची लाल चटणी होती, आणि डोळ्यांतून पाणी काढणारी पांढरीही. बशी टेबलाच्या मधोमध होती, लोण्याचं कोकरू हिरव्या गवतात मांडीपर्यंत बुडालेलं. कोलेट माझ्यासमोर बसली. एडीने पाव कापायला घेतला.

मी बशीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. रोपं कोलेटकडे झुकलेली होती. ठीक, मी मनाशी म्हटलं, तिच्या मागे दार आहे, दारातून उजेड येतोय.

कोलेट मीठ आणायला उठली. ओट्याशी गेली, तिथे आईशी काहीतरी बोलत उभी राहिली, चांगला वेळ. सॉसेज परतत होत्या दोघी.

माझा काटा हातातच राहिला. अळीव चालत नाही, वारा नसताना हलतही नाही. त्याला वळायला तासन्‌तास लागतात. हे मी शिकवते. ती रोपं ओट्याकडे वळत होती, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी इतक्या सावकाश. कोकराचा एक मिरीचा डोळा टपकन गवतात पडला.

“आई,” मी म्हणाले. “बशी उचल.”

आई हात पुसत आली. तिने बशीकडे पाहिलं, ओट्याशी उभ्या असलेल्या कोलेटकडे पाहिलं, पुन्हा बशीकडे. तिचा चेहरा उजळला.

“कोलेट,” ती म्हणाली. “इकडे ये. आता तिकडे जा, खिडकीशी. जा गं.”

“काय खेळ मांडलाय आई?” एडी हसत म्हणाला.

कोलेट खिडकीशी गेली. रोपंही सावकाश तिच्यामागे वळली. मग आईने छातीवर क्रॉस केला आणि रडायला लागली.

“रोपांना कळलं आणि मला नाही! माझी आजी म्हणायची, पोटुशी बाई मळ्यात गेली की कोवळं पीक तिच्याकडे तोंड करतं. मला वाटायचं म्हातारी बडबडते. एडी, ऊठ, बापड्या, बायकोला खुर्ची दे! बघत काय बसलास?”

एडीने सुरी खाली ठेवली. कोलेट माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं नाही असं मी मानेनेच सांगितलं. मग तीही रडायला लागली, हसायलाही, आणि एडीने तिला मिठी मारली. त्या घरात कित्येक वर्षांत इतका आनंद मी पाहिला नव्हता.

आईने सुरी उचलली, कोकराचं डोकं कापलं. ते घरातल्या लहानग्याचं असतं. तिने ते पावावर ठेवलं आणि कोलेटपुढे धरलं.

“पोटातल्याचा वाटा. खा.”

मी टेबलावरून वाकून तो पाव हिसकावून घेतला.

“अगं ए! वेड लागलं का तुला?”

“हा कापूस त्या विमानातला आहे.”

“मग? स्वच्छ कापूस आहे, सरकारी!”

“आई, ते जे काही आहे ते चरबीत जाऊन बसतं. लोण्यात. माणसाच्या अंगातही. बसलं की निघत नाही. कोलेट, तू नर्स आहेस, तू तरी सांग हिला.”

कोलेटचा हात पोटावर गेला होता.

आशीर्वाद मिळालेलं अन्न आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत. पुरायचं असतं. पुरायला मी नकार दिला. त्या मातीत आई भाज्या लावते. शेवटी मी कोकरू, अळीव, कापूस सगळं काचेच्या मोठ्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी घेऊन निघाले.

“देवाचं अन्न बाटलीत!” आई दारातून ओरडली. “तुझ्या शाळेतल्या बेडकांशेजारी ठेवणार असशील! पोरगी आनंदाच्या दिवशी विष कालवून गेली!”

*

मंगळवारपर्यंत बातमी तळावर पोचली होती आणि नियमाप्रमाणे कोलेटचं उड्डाण बंद झालं. मला हवं होतं तेच झालं, पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. तळावरच्या साहेबांना मी पानाचं सोडून बाकी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की विमान धुतलेलं आहे. टकरला मी फरशीवरचा तो फिकट चौकोन दाखवला. तो म्हणाला, “सार्जंट, हे विमान वाईट असेल तर मी काय आहे?” त्या महिन्यापासून त्याने डबा बाहेर बसून खायला सुरुवात केली. मी सराव सोडला.

उन्हाळ्यात तंबाखूची शेतं पांढऱ्या जाळीच्या मांडवांनी झाकली गेली. कोलेटचं पोट दिसायला लागलं आणि मग इतकं दिसायला लागलं की लोक जुळं आहे का विचारू लागले. जुळं नव्हतं. चौथा महिना गेला, पाचवा गेला. याआधी ती इथवर कधी पोचली नव्हती. दर वेळी डॉक्टरांकडून आली की ती फोन करायची. “छान वाढतंय म्हणाले,” ती सांगायची. “लुद्का, ऐकतेस ना? छान वाढतंय.”

मी ऐकत होते. तिच्याकडे जाताना मी फुलं नेत नसे. तिच्या अंगणातल्या वाटाण्याच्या वेलांनी काठ्या सोडून तिच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर चढायला सुरुवात केली होती. एडीला ते गमतीचं वाटायचं.

बरणी मी शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तिथे उजेड जात नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या तासाला, एडीचा फोन आला. मुलगी. दोघीही सुखरूप. मी वर्गातल्या मुलांसमोर रडले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी कपाट उघडलं. इतके महिने मी ते उघडलं नव्हतं. उजेड नाही, हवा नाही, पाणी नाही. आत काळा चिखल झालेला असेल तर सगळे माझ्या मनाचेच खेळ होते, असं मला स्वतःला सांगायचं होतं.

अळीव हिरवा होता. लोणी उरलं नव्हतं. रोपांनी बरणीची एकच बाजू गच्च भरली होती, पानं काचेवर चपटी झालेली, बाकी बरणी रिकामी. त्या बाजूला कपाटाची फळी होती, मग भिंत, मग मैदान, आणि मैदानापलीकडे नदीच्या काठाला हॉस्पिटल.

मी कुलूप लावलं.

*

मुलगी सुंदर होती. गुलाबी, दाट काळ्या केसांची, नखं लांब. मी बोटं मोजली, मान पाहिली, टाळूवरून हात फिरवला. सगळं जिथल्या तिथे. कोलेट माझ्याकडे बघत होती. मी काय शोधते आहे ते तिला कळत होतं.

“सांग,” ती म्हणाली.

“चांगली आहे गं. एकदम चांगली.”

तरीही मी घरून येताना एक बशी आणली होती. दुकानातला कापूस, नवे दाणे, वरून सरळ दिवा लावून वाढवलेली रोपं, त्यामुळे देठ ताठ. आईला सांगितलं असतं तर तिने बशीसकट मला बाहेर काढलं असतं. कोलेटला मी म्हणाले, हिरवं काहीतरी असावं खोलीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बशी मी पलंगाजवळच्या मेजावर ठेवली. तिथून एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार.

दोन दिवसांनी गेले. ऊन खोलीभर पसरलं होतं. रोपं खिडकीकडे झुकली होती.

मी पलंगाच्या कडेवर बसले. शाळेतल्या अळीवासारखा अळीव, उजेडाकडे वळलेला. नववीचा धडा.

“काय झालं?” कोलेट म्हणाली.

“काही नाही. खिडकीकडे वळलीयेत.”

तेवढ्यात नर्स वजन करून मुलीला घेऊन आली. “गंमतच आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या बाळांचं वजन थोडं उतरतं. हिचं वाढलंय.” तिने बाळाला काचेच्या पाळण्यात ठेवलं, पाळणा खिडकीखाली त्याच्या जागी ढकलला आणि गेली.

पाळण्याची जागा खिडकीखाली होती.

“कोलेट, हा पाळणा इथेच असतो?”

“पहिल्यापासून.”

“खिडकीत? एवढ्या उन्हात?”

“ऊन कुठलं? पडदा बंदच होता दोन दिवस. तिला उजेड लागला की रडते. आज सकाळी झाडणारीने उघडलाय.” तिने दाराकडे बोट केलं. “तो दिवा मात्र सतत चालू असतो.”

दाराकडचा दिवा. म्हणजे रोपं दाराकडे वळायला हवी होती.

मी उठले. पाळणा ढकलत पलंगाच्या पायथ्याशी, तिथून दाराजवळ नेला. दिवा बंद केला. पडदा पूर्ण उघडला. आता उजेड फक्त खिडकीतून होता आणि पाळणा बरोबर उलट्या बाजूला. प्रयोग म्हणून बिनचूक. मुलीचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर सावली.

“काय करतेस?”

“जरा बसू दे मला. तू झोप.”

तिने डोळे मिटले. मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर स्वच्छ दिवस होता, नदी चमकत होती, काठावरच्या झाडांवर एक पान उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात मागितलं. पोलिशमध्ये, लहानपणी मागायचे तसं.

मग मान वळवली.

रोपं खिडकीकडेच होती. सगळी.

मी श्वास सोडला.

काठावरच्या एका रोपाने मान उचललेली होती. ते सरळ उभं होतं, विचारात पडल्यासारखं. मग त्याच्या शेजारचं.

मी हललेही नाही.

“लुद्का,” कोलेट झोपेत पुटपुटली. “पाऊस पडतोय का गं?”

बाहेर लख्ख ऊन होतं.

टप. टप-टप. टप.

आवाज पाळण्यातून येत होता.